विश्लेषण : दोन बड्या कंपन्यांची ‘स्मार्ट’ मोटार सव्वा वर्षातच का थांबली?

दाराला मूठ नाही, बटण दाबले किंवा आवाज दिला की दार उघडते. गिअरचा दांडा नाही, समोरच्या पडद्यावर बोट फिरवायचे. चीनमधील ‘जियुए’ या विद्युत मोटारीची ही ओळख होती. पाठीशी होत्या दोन तगड्या कंपन्या : इंटरनेट क्षेत्रातील ‘बायडू’ आणि मोटार उद्योगातील ‘जीली’. तरीही पहिली मोटार बाजारात आल्यापासून जेमतेम सव्वा वर्षात, डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी कोलमडली. प्रश्न उरला तो ज्यांनी लाखो युआन मोजून मोटार घेतली त्यांचा.

‘जियुए’ची सुरुवात कशी झाली?

विद्युत मोटारनिर्मितीत उतरणार असल्याचे बायडूने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. त्यासाठी जीलीसोबत ‘जिदू’ ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. तिच्यात बायडूचा वाटा ५५ टक्के, तर जीलीचा ४५ टक्के होता. ‘मोबाइक’ या सायकल भाड्याने देणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक शिया यिपिंग यांच्याकडे नेतृत्व देण्यात आले. कामाची वाटणी सरळ होती. स्वयंचलित वाहनचालन आणि आवाज ओळखणारी प्रणाली बायडूची, तर मोटारीचा सांगाडा आणि कारखाना जीलीचा. जून २०२२ मध्ये मोटारीचे पहिले रूप लोकांसमोर आले.

नाव का बदलावे लागले?

चीनमध्ये मोटार बनवून विकण्यासाठी सरकारी निर्मिती परवाना लागतो. तो ‘जिदू’कडे नव्हता, जीलीकडे होता. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ‘जियुए’ हे नवे नाव जाहीर झाले आणि भागीदारीचे आकडे उलटले. जीलीकडे ६५ टक्के आणि बायडूकडे ३५ टक्के वाटा आला. ज्या बाजारात महिन्याला नवी मोटार येते, तिथे अडीच वर्षे तयारीतच गेली. शिवाय ‘जिदू’ या नावाने केलेली प्रसिद्धीही वाया गेली.

मोटार चांगली होती, मग विकली का नाही?

‘जियुए ०१’ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे अडीच लाख युआनला बाजारात आली. महिनाभरातच किंमत ३० हजार युआनने उतरवावी लागली. त्या वेळी चीनमध्ये विद्युत मोटारींचे दरयुद्ध ऐन भरात होते. टेस्ला आणि ‘बीवायडी’पासून नवख्या कंपन्यांपर्यंत सगळेच दर पाडत होते. मार्च २०२४ मध्ये मोबाइल बनवणारी ‘शाओमी’ रिंगणात उतरली आणि त्याच वर्षी तिने एक लाखाहून अधिक मोटारी ग्राहकांच्या हाती दिल्या. ‘जियुए’ने सप्टेंबरमध्ये ‘०७’ ही दुसरी मोटार आणली, विक्री थोडी वाढलीही. पण ती महिन्याला तीन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिली. एवढ्या विक्रीत संशोधन, दालने आणि पगार यांचा खर्च निघणे शक्य नव्हते.

डिसेंबर २०२४ मध्ये नेमके काय घडले?

११ डिसेंबरला शिया यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून कंपनी अडचणीत असल्याचे आणि फेररचना करावी लागणार असल्याचे कळवले. सामाजिक विम्याचे हप्ते थकल्याचे समजताच कर्मचारी भडकले. शांघायमधील कार्यालयात त्यांनी शिया यांना घेरले आणि त्याच्या चित्रफिती चीनभर पसरल्या. १३ डिसेंबरला बायडू आणि जीली यांनी संयुक्त निवेदन काढले. कर्मचाऱ्यांचा विमा आणि नोकरी सोडणाऱ्यांची देणी, तसेच ग्राहकांच्या मोटारींचा नियमित वापर, दुरुस्ती आणि देखभाल यांसाठी मदत करण्याचे आश्वासन त्यात होते. नवे भांडवल देण्याचा शब्द मात्र त्यात नव्हता.

ग्राहकांची चिंता वेगळी का?

मोटार कंपनीने गाशा गुंडाळणे महाराष्ट्राला नवे नाही. तळेगावात कारखाना असलेल्या ‘जनरल मोटर्स’ने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली. तरीही ‘शेवरले’च्या मोटारी त्यानंतर अनेक वर्षे रस्त्यावर दिसत राहिल्या. सुटा भाग मिळाला की नाक्यावरचा मेकॅनिकही त्या दुरुस्त करू शकतो. ‘जियुए’सारख्या मोटारीचे तसे नाही. नकाशा, आवाजाची आज्ञा, मोबाइलवरून दार उघडणे, स्वयंचलित चालन हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर आणि वेळोवेळी येणाऱ्या अपडेटवर अवलंबून असते. सर्व्हर बंद पडला तर चाके फिरतील, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते हातून जाईल. चीनमधीलच ‘डब्ल्यूएम मोटर’ २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा अॅप बंद पडल्याच्या तक्रारी तिच्या ग्राहकांनी केल्या होत्या.

कायदा काय सांगतो?

एखाद्या मोटारीचे उत्पादन थांबवल्यास किमान १० वर्षे सुटे भाग आणि विक्रीपश्चात सेवा द्यावी, असा नियम चीनमध्ये २०१७ पासून आहे. पण कंपनीच उरली नाही तर ही जबाबदारी निभावणार कोण, हा खरा पेच. ‘जियुए’च्या ग्राहकांना जीली आणि बायडूकडे बोट दाखवता आले. ज्या नवख्या कंपन्यांच्या मागे असे कोणी नाही, त्यांच्या ग्राहकांना तीही सोय नसते.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

नव्या कंपनीची विद्युत मोटार घेताना किंमत आणि एका चार्जमध्ये धाव एवढेच पाहून चालणार नाही. इंटरनेट नसेल तर दार उघडते का आणि मोटार सुरू होते का? बॅटरीची हमी कोण देते, मूळ कंपनी की उपकंपनी? सुटे भाग त्याच समूहाच्या इतर मोटारींशी जुळतात का? कोणत्या सुविधा सर्व्हरवर चालतात आणि किती वर्षे मिळणार? विक्रेत्याकडून याची उत्तरे पैसे भरण्याआधी आणि लेखी घेतलेली बरी.