अंग दुखतं, पण मन सांभाळतो



आमच्या मुलीला सिकलसेल आहे. दीड वर्षाची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली, रात्र-रात्र रडायची. तेव्हा आम्हाला या आजाराचं नावही माहीत नव्हतं. आज ती अकरावीला आहे. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत हा आजार बराच आढळतो, म्हणून आमचा अनुभव सांगतो.

निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडतं. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं फुटल्यासारख्या कळा येतात.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही चुकलो. कुणी म्हणालं, मागच्या जन्माचं पाप. घरात बाबासाहेबांची तसबीर, आणि पोरीच्या दंडाला ताईत! पुढे सरकारी दवाखान्यात आमचं रक्त तपासलं. आम्ही दोघंही एएस, म्हणजे वाहक निघालो. पाप कुणाचंच नव्हतं, पण मग आम्ही एकमेकांना दोष देऊ लागलो. पोरगी गुमान ऐकायची. तिच्या दुखण्यात आम्ही आमचं दुखणं मिसळत होतो.

विहारातल्या एका ताईंनी तेव्हा नकुलपित्याची गोष्ट सांगितली. म्हातारा, नेहमी आजारी असलेला हा उपासक भगवंतांकडे आला. शरीर आजारी असलं तरी मन आजारी पडू देऊ नकोस, असा उपदेश त्याला मिळाला. दुखत नाही असं समज, असं भगवंतांनी सांगितलं नाही. ‘माझ्याच वाट्याला का’, ‘पुढं कसं होईल’ हे जे मनात घोळत राहतं, ते मनाचं आजारपण.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही तिघं दहा मिनिटं आनापान करतो. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच पाहायचं. कळ आली तर ‘कळ आहे’ म्हणायचं. मागच्या हिवाळ्यात मोठी कळ आली, तेव्हा दवाखान्यात पोरगी म्हणाली, “आधी दुखायचं आणि भीतीही वाटायची. आता नुसतं दुखतं.”

पण ध्यानानं पेशी गोल होत नाहीत. औषध सोडायचं नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, तरी उपचार घेत घेत त्यांनी शेवटपर्यंत लेखन केलं. आमच्या घरचे नियम असे :

• डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज. हायड्रॉक्सीयुरिया सुरू असताना रक्ततपासणी वेळेवर.
• दिवसभर भरपूर पाणी. शाळेत पाण्याची बाटली सोबत.
• थंडीत स्वेटर, पावसात भिजणं नाही. दुखऱ्या जागी बर्फ लावायचा नाही, कोमट शेक द्यायचा.
• रक्त कमी आहे म्हणून मनानं लोहाचं टॉनिक घ्यायचं नाही.
• ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, पोट फुगणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना.

शाळेत शिक्षकांना भेटून आजार समजावून सांगा. ही मुलं आळशी नसतात, थकलेली असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

आणि सोयरीक जुळवताना पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट पाहा. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आम्हाला हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. तुम्ही तुमच्या मुलामुलींना सांगा.

ताईत आम्ही कधीच काढून टाकला. त्या दंडावर आता फक्त सलाईनच्या सुईच्या खुणा आहेत. पोरगी त्या लपवत नाही.

भवतु सब्ब मंगलं.