३.४ हानितत्त्वाची व्याप्ती आणि मूलभूत स्वातंत्र्ये

व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर शासनाने वा समाजाने केव्हा बंधन घालावे, या प्रश्नाचे उत्तर जॉन स्टुअर्ट मिल याने ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथात दिले. प्रौढ व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध सक्ती करण्याचे एकच समर्थन असू शकते : इतरांची हानी टाळणे. ‘यात तिचेच भले आहे’ हे कारण पुरेसे नाही. या विचारास ‘हानितत्त्व’ म्हणतात.

हानी कशास म्हणावे?

या तत्त्वाची सारी मदार ‘हानी’ या शब्दावर आहे. दुसऱ्याचे मत न रुचणे किंवा त्याचा संताप येणे म्हणजे हानी नव्हे. हा भेद पुसला गेला, तर बहुसंख्याकांच्या नापसंतीलाच कायद्याचे बळ मिळेल. मिलचे उदाहरण पाहा. ‘धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात’ हे मत वृत्तपत्रात छापले, तर हस्तक्षेपास कारण नाही. तेच मत व्यापाऱ्याच्या दारासमोर जमलेल्या प्रक्षुब्ध जमावापुढे मांडले, तर शिक्षा न्याय्य ठरू शकते. विधान तेच असते. प्रसंगामुळे ते चिथावणी ठरते.

तत्त्वाची मर्यादा

हानी झाली की बंधन आपोआप समर्थनीय ठरते, असेही नाही. स्पर्धा परीक्षेत तुमची निवड झाली, तर दुसऱ्या उमेदवाराचे नुकसान होतेच. परंतु तुम्ही फसवणूक केली नसेल, तर तुम्हाला रोखता येत नाही. हाही दाखला मिलचाच. म्हणजेच हानी ही हस्तक्षेपाची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे.

भारतीय संदर्भ

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये अभिव्यक्तीवरील निर्बंधांच्या आधारांत सभ्यता व नीतिमत्ता यांचाही समावेश आहे. म्हणजे ही चौकट मिलच्या तत्त्वाहून व्यापक आहे. तरीही हानी व नापसंती यांतील भेद येथेही निर्णायक ठरतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे संदिग्ध शब्द होते. श्रेया सिंघल खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद करून ते कलम रद्द ठरवले. कायद्यातील एक सैल शब्द नागरिकाला तुरुंगात नेऊ शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपली प्रगती तपासा

१. ‘आवश्यक अट’ व ‘पुरेशी अट’ यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. ‘भावना दुखावणे’ ही हानी मानावी काय? सकारण लिहा.