परदेशातील वास्तुखरेदी आणि नियोजन परवानगी : लंडन येथील डॉ. आंबेडकर निवासस्थानाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

परदेशात एखादी वास्तू विकत घेतली म्हणजे तिचे नूतनीकरण करण्याचा अथवा तिचा वापर बदलण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील नियोजन परवानगीची व्यवस्था स्पष्ट केली असून, महाराष्ट्र शासनाने लंडनमध्ये खरेदी केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या निवासस्थानासंबंधीच्या वादाच्या आधारे त्या व्यवस्थेमागील तत्त्वांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : नियोजन परवानगी, वापरबदल, विकास आराखडा, वारसा वास्तू, अपील.

प्रस्तावना :

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ या काळात लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात, १०, किंग हेन्रीज रोड या घरात वास्तव्यास होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे अर्थशास्त्राचे उच्च अध्ययन आणि ग्रेज इन या संस्थेतील कायद्याचे शिक्षण या काळात सुरू होते. हे घर विक्रीस निघाल्यानंतर महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किमतीस विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले आणि ते अभ्यासकांसाठी व अनुयायांसाठी श्रद्धेचे स्थान बनले.

तथापि, अवघ्या काही वर्षांत हे स्मारक बंद करावे लागते की काय, असा प्रश्न निर्माण झाला. शासनाच्या मालकीविषयी कोणाचीही हरकत नव्हती आणि किंमतही पूर्ण अदा झालेली होती. मग अडचण कोठे होती? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या नियोजन कायद्यात सापडते.

मालकी हक्क आणि विकासाचा अधिकार :

इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने एक मूलभूत बदल घडवून आणला. १ जुलै १९४८ पासून जमिनीची मालकी खासगी राहिली. परंतु त्या जमिनीचा विकास करावयाचा झाल्यास सार्वजनिक संस्थेची परवानगी आवश्यक ठरली. हेच तत्त्व १९९० च्या कायद्यात कायम आहे. या कायद्याच्या कलम ५५ नुसार 'विकास' या संज्ञेचे दोन भाग पडतात. पहिला भाग बांधकाम, अभियांत्रिकी, खाणकाम इत्यादी प्रत्यक्ष कामांचा होय. दुसरा भाग इमारतीच्या अथवा जमिनीच्या वापरात केलेल्या महत्त्वाच्या बदलाचा होय. कलम ५७ नुसार या दोन्हींसाठी नियोजन परवानगी लागते.

यातून सामान्य खरेदीदारास काहीसा अनपेक्षित वाटणारा निष्कर्ष निघतो. घराच्या बाह्य स्वरूपावर लक्षणीय परिणाम न करणारी अंतर्गत दुरुस्ती कलम ५५ अन्वये 'विकास' ठरत नाही. म्हणजे रंगरंगोटी, स्वयंपाकघराची फेररचना यांसाठी सामान्यतः नियोजन परवानगी लागत नाही. परंतु एकही वीट न हलविता त्याच घरात संग्रहालय सुरू केले, तर तो वापरबदल ठरू शकतो. १९८७ च्या वापरवर्ग आदेशानुसार निवासी घर 'सी-३' या वर्गात मोडते. संग्रहालय त्या वेळी 'डी-१' या वर्गात येत असे. १ सप्टेंबर २०२० पासून वर्गरचना बदलून ते 'एफ-१' या वर्गात गेले. वर्गाचे नाव बदलले, तरी निवासी वापर सोडण्यास परवानगी लागते, हे तत्त्व तेच आहे.

सूचीबद्ध वारसा वास्तूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी १९९० चाच स्वतंत्र कायदा असून, वास्तूच्या वैशिष्ट्यास बाधा आणणाऱ्या अंतर्गत कामासही संमती लागते. जुना जिना अथवा शेकोटीची चौकट काढणे हेही त्यात येऊ शकते. अशी संमती न घेता काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. याखेरीज बांधकाम नियमांची पूर्तता आणि १९९६ च्या कायद्यानुसार सामाईक भिंतीसंबंधी शेजाऱ्यास द्यावयाची नोटीस या बाबी नियोजन परवानगीहून वेगळ्या आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली, असे समजता येत नाही.

वादाचा घटनाक्रम :

जानेवारी २०१८ मध्ये सदर घराचा वापर परवानगीविना संग्रहालय म्हणून होत असल्याची तक्रार कॅमडेन कौन्सिल या स्थानिक संस्थेकडे आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पूर्वलक्षी परवानगीसाठी अर्ज करण्यात आला. इंग्लंडच्या कायद्यात असा अर्ज करण्याची सोय आहे. मात्र काम आधीच झाले आहे, या कारणाने अर्जदारास कोणतीही सवलत मिळत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कौन्सिलने अर्ज नाकारला. निवासी जागेची हानी हे त्याचे प्रमुख कारण होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीचा त्रास होतो, अशीही काही रहिवाशांची हरकत होती.

कौन्सिलची भूमिका समजून घेणे अगत्याचे आहे. लंडनमध्ये घरांची टंचाई तीव्र आहे. कॅमडेनच्या २०१७ च्या स्थानिक आराखड्यात विद्यमान घरांचे संरक्षण करण्याविषयी स्वतंत्र धोरण आहे. त्या दृष्टीने पाहता एक घर कमी होणे ही आराखड्याशी विसंगत बाब होती. स्मारक कोणाचे आहे, हा मुद्दा त्या धोरणाच्या शब्दांत कोठेही येत नव्हता.

शासनाने या निर्णयाविरुद्ध अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये नियोजन निरीक्षकासमोर जाहीर चौकशी झाली. बहुतांश अपिलांचा निर्णय निरीक्षकच देतात. परंतु महत्त्वाची प्रकरणे संबंधित मंत्री स्वतःकडे घेऊ शकतात. या प्रकरणात तसेच झाले. निरीक्षकाने परवानगीची शिफारस केली आणि १२ मार्च २०२० रोजी तत्कालीन मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी ती मान्य करून संग्रहालयास परवानगी दिली.

निर्णयामागील तत्त्व :

हा निर्णय म्हणजे केवळ राजनैतिक सौजन्य होते, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. २००४ च्या नियोजन कायद्याचे कलम ३८(६) येथे महत्त्वाचे आहे. त्यानुसार प्रत्येक अर्जाचा निर्णय विकास आराखड्यानुसारच घ्यावयाचा असतो. मात्र अन्य विचारणीय बाबी विरुद्ध दिशेने पुरेशा वजनदार असतील, तर त्यास अपवाद करता येतो. निवासी जागा कमी होते, ही बाब येथे एका पारड्यात होती. दुसऱ्या पारड्यात या वास्तूचे वारसामूल्य होते. ज्या घरात बाबासाहेब प्रत्यक्ष राहिले, ते घर दुसऱ्या कोणत्याही इमारतीने बदलता येत नाही. एका घराची उणीव अन्यत्र भरून काढता येते. या स्थळाची येत नाही. अंतिमतः हेच पारडे जड ठरले.

महाराष्ट्रातील कायद्याशी तुलना :

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील 'विकास' या संज्ञेची व्याख्या ब्रिटिश व्याख्येशी मिळतीजुळती असून, तीतही वापरबदलाचा समावेश आहे. म्हणजे ही संकल्पना आपल्या प्रशासनास अपरिचित नाही. तथापि, एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये, विहित अटींच्या अधीन राहून, ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये लहान प्रकरणांसाठी ८ आठवड्यांची आणि मोठ्या प्रकरणांसाठी १३ आठवड्यांची मुदत सर्वसाधारणपणे असते. परंतु ती उलटून गेल्यास परवानगी मिळाली असे मानले जात नाही, केवळ अपिलाचा हक्क प्राप्त होतो. मौन म्हणजे संमती, हा समज तेथे घातक ठरू शकतो.

कालावधीच्या बळावर सुटका होईल, ही अपेक्षाही आता क्षीण झाली आहे. पूर्वी काही प्रकारच्या विनापरवाना कामांवर ४ वर्षांनंतर कारवाई करता येत नसे. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ही मुदत सामान्यतः १० वर्षे झाली आहे.

खरेदीदारासाठी बोध :

इंग्लंडमधील व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य आपल्याकडे फारसे ज्ञात नाही. नियोजन परवानगीसाठी अर्ज करणारी व्यक्ती मालकच असली पाहिजे, असे बंधन तेथे नाही. मालकास विहित नोटीस देऊन इच्छुक खरेदीदारही अर्ज करू शकतो. शिवाय परवानगी सामान्यतः व्यक्तीस न मिळता जमिनीस मिळते व मालकी बदलली तरी टिकते. त्यामुळे खरेदीचा करार परवानगीच्या अटीवर करणे शक्य असते. अर्जापूर्वी शुल्क भरून स्थानिक संस्थेचा सल्ला घेण्याची सोयही बहुतेक ठिकाणी आहे.

या पार्श्वभूमीवर पुढील क्रम हितावह ठरतो :

१) वास्तू सूचीबद्ध आहे काय, अथवा संवर्धन क्षेत्रात आहे काय, हे प्रथम तपासावे.
२) वास्तूचा विद्यमान अधिकृत वापर कोणता, हे निश्चित करावे.
३) नियोजित वापर स्थानिक आराखड्यातील कोणत्या धोरणाशी विसंगत ठरतो, ते शोधावे.
४) शेजाऱ्यांच्या संभाव्य हरकतींचा विचार करून गर्दी, वेळा व वाहने यांची व्यवस्था लेखी स्वरूपात मांडावी.
५) शक्यतो परवानगीनंतरच खरेदी पूर्ण करावी अथवा वापर सुरू करावा.

निष्कर्ष :

सदर प्रकरणात अंतिम निर्णय अनुकूल लागला, ही समाधानाची बाब आहे. परंतु तक्रारीपासून निर्णयापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ या स्मारकाचे भवितव्य अनिश्चित होते. वारसामूल्याचा जो युक्तिवाद अपिलात यशस्वी झाला, तो खरेदीपूर्वीही मांडता आला असता. 'हे घर कोणाचे?' या प्रश्नाइतकाच 'या घरात काय करावयाचे?' हा प्रश्न नियोजन कायद्यास महत्त्वाचा वाटतो. परदेशात वास्तू घेणाऱ्या व्यक्तीने, संस्थेने अथवा शासनाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळवावे. कारण स्मारकाचे स्थैर्य खरेदीखताइतकेच त्या उत्तरावर अवलंबून असते.