'ड्रिप' म्हणजे ठिबक नव्हे! धरण दुरुस्तीचा निधी आणि आपला तलाव



"सर, केंद्राची ड्रिप योजना आलीय म्हणे, अर्ज कुठं करायचा?" असे फोन येतायत. ही ठिबकची योजना नाही. हा धरणांची दुरुस्ती व सुरक्षेचा केंद्राचा प्रकल्प आहे, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे 'ड्रिप'. पैसा धरण सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला मिळतो. शेतकऱ्याने अर्ज करायचा नसतो. कुणी त्यासाठी फी मागितली तर देऊ नका.

*थोडक्यात माहिती*
▪️ पहिला टप्पा २०१२ ते २०२१ : ७ राज्यं, २२३ धरणं. त्यात महाराष्ट्र नव्हता.
▪️ दुसरा व तिसरा टप्पा ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर : १९ राज्यं, ७३६ धरणं, १०,२११ कोटी रुपये. महाराष्ट्रातली १६७ धरणं यात धरली.
▪️ कामं : गळती थांबवणे, सांडवा व दरवाजे दुरुस्ती, मोजमापाची उपकरणं, आपत्कालीन आराखडा.

*मग आपल्याला काय?*
आपले पाझर तलाव, लघु तलाव बहुतेक या यादीत नसतात. पण धोका तिथंही आहेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसेक माणसं गेली. तेही छोटंच मातीचं धरण होतं, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती.

*पावसाळ्याआधी आणि तलाव भरल्यावर बांधावर चक्कर मारा*
१) पायथ्याला पाणी पाझरतंय का? स्वच्छ असेल तरी कळवा. *गढूळ असेल तर आतून माती वाहतेय, त्याच दिवशी कळवा.*
२) भेग, खचलेला भाग, उंदीर-खेकड्यांची बिळं, बांधावर वाढलेली झाडं बघा.
३) सांडव्यात पीक, दगड, जाळी नको. पाणी अडवायला सांडव्यावर पोती रचू नका.
४) गाळ नेताना बांधाच्या पायथ्याशी खोदू नका. बांधाचा मुरूम तर अजिबात नको.

*तक्रार कुठं?*
१०० हेक्टरपर्यंत सिंचनाचा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे. ग्रामपंचायतीमार्फत लेखी द्या, तारखेसह फोटो जोडा, *पोच घ्याच.* तातडीचं असेल तर जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, आणि आधी खालच्या वस्तीला सांगा.

बांधाखाली ज्यांचं रान आहे त्यांना हा मेसेज नक्की पाठवा.

– आपला कृषी सल्लागार