कच्च्या लिंबावर राज्य कधी येणार?

गल्लीतल्या खेळात एक कच्चं लिंबू असतंच. कुणाचं तरी धाकटं भावंड, नाहीतर सुट्टीला आलेलं पाहुण्यांचं पोर. त्याला खेळात घ्यायचं, पण ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. यात माया आहेच. पण एखादं मूल वर्षानुवर्षं कच्चं लिंबूच राहिलं, तर ते खेळतंय असं म्हणायचं का?

हा प्रश्न मला एका शाळेच्या मैदानावर पडला. तिसरीतला एक स्वमग्न मुलगा. वर्गात त्याचा बाक आहे, हजेरीपटावर नाव आहे, वह्या पूर्ण आहेत. मधली सुट्टी झाली की मात्र तो कुंपणाच्या भिंतीला हात घासत फेऱ्या मारतो. लपंडाव खेळणाऱ्या पोरांना विचारलं, तर ती चटकन म्हणाली, ‘तो आहे ना आमच्यात! कच्चं लिंबू आहे तो.’

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं सोळावं कलम शाळांना सांगतं, की प्रवेशात भेदभाव करायचा नाही आणि शिक्षणाबरोबर खेळाची, करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्यायची. कायद्यात खेळ आहे, हे कितीतरी पालकांना ठाऊकच नसतं. रॅम्प शाळेकडे हक्कानं मागता येतो. ‘ये, माझ्याशेजारी डबा खा’ हे मागून मिळत नाही. पण ते घडावं म्हणून जागा करून देता येते, आणि ते काम मोठ्यांचं आहे.

कधी कधी मोठीच माणसं आड येतात. मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मदतनीस सतत मुलाला चिकटून बसला, तर बाकीची मुलं त्या मुलापासून लांब राहतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडच्या वर्गांतही हे दिसतं. मुलाची पेन्सिल पडली, मदतनीस ताईंनी उचलली. डब्याचं झाकण अडकलं, ताईंनीच उघडलं. शेजारच्या पोरानं हात पुढे केला होता, तो तसाच मागे गेला. ताईंनी दोन बाक मागे सरकून बसायला काय हरकत आहे?

दुसरी एक जुनी युक्ती मला फार मोलाची वाटते. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गावर्गांत तेढ होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक दिला. शेजाऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. जे मूल अडखळत बोलायचं, त्याच्यासाठीही थांबावंच लागलं.

हे थांबणंही शिकवावं लागतं. सामाजिक कौशल्यांचे धडे बहुधा एकाच मुलाला मिळतात: डोळ्यांत बघ, हात मिळव, ‘मी येऊ का खेळायला?’ असं विचार. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. स्वमग्न आणि इतर माणसं यांच्यातला गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो, हे त्यांनी २०१२ मध्ये ठामपणे मांडलं. मग बाकीच्या चाळीस पोरांनाही चार गोष्टी सांगायला नकोत का? आधी नावानं हाक मार. एका वेळी एकच प्रश्न विचार. उत्तरासाठी मनात दहा आकडे मोज. ऐकू कमी येणाऱ्या मैत्रिणीशी बोलताना समोर उभी राहा, तोंडावर हात नको.

भिंतीला हात घासत फिरणाऱ्या त्या मुलाच्या बाईंनी वेगळं काही केलं नाही, फक्त त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला आकडे प्रिय होते. त्यांनी पोरांना सुचवलं, आज राज्य याच्यावर. तो भिंतीकडे तोंड करून मोजू लागला. बाकीची मुलं दहा, वीस, तीस करत शंभर गाठतात. यानं एक, दोन, तीन असे शंभरही आकडे म्हटले, एकही गाळला नाही. पहिल्यांदा पोरं कुरकुरली. मग त्यांच्या लक्षात आलं, की लपायला भरपूर वेळ मिळतो. आठवडाभरात ‘मोजायला तूच’ सुरू झालं.

पुढे एकदा दुसऱ्या मुलावर राज्य आलं आणि त्यानं नेहमीसारखे दहाचे टप्पे घेतले. हा लपलेल्या जागेवरून तरातरा बाहेर आला. ‘चूक! परत मोज!’ दोघांची जुंपली, शेवटी कट्टी झाली. कच्च्या लिंबाशी कुणी कट्टी घेत नाही. बाई व्हरांड्यातून बघत होत्या, मध्ये पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघं त्याच भिंतीपाशी उभे होते आणि एकोणतीसनंतर काय येतं यावर पुन्हा भांडत होते.