शाळेची बस थांबली, आपणही थांबू

शहागंजच्या घड्याळाजवळ रिक्षा, हातगाड्या, दुचाक्यांची सदा गर्दी. त्यातच लेकरे शाळेच्या गाडीतून उतरतात. अमेरिकेत शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकले, की मागच्या गाड्यांना थांबावेच लागते. दुभाजक नसेल तर बहुधा समोरच्यांनाही. आपल्याकडे ती सवय रुजलेली नाही. उतरलेले मूल बसपुढून धावले, तर मागून बसला ओलांडणाऱ्याला ते दिसतच नाही.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत शाळेची परिवहन समिती आणि बसमधला मदतनीस सांगितला आहे. पालकांनो, मदतनीस मुलांना हात धरून रस्ता ओलांडून देतो का, हे पालकसभेत विचारायला कचरू नका. आपल्या रिक्षाचालक बांधवांना आमची विनंती : बस थांबलेली दिसली, की ब्रेक लावा. दोन मिनिटे गेली तरी चालतील. लेकरू सुखरूप घरी पोचले पाहिजे.