देणगीदाराच्या नावाचे निर्जन बेट

कॅनडाच्या अतिउत्तरेस, एल्समियर बेटाच्या पश्चिमेला ‘ॲक्सल हायबर्ग’ हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळ राज्याहून अधिक. तरीही तेथे एकही गाव नाही. पुष्कळसा भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. उन्हाळ्यात काही संशोधक येतात आणि थंडीपूर्वी परततात.

हे नाव ज्या गृहस्थाचे, तो दर्यावर्दी नव्हता. १८९८ मध्ये नॉर्वेचा ओटो स्वेर्द्रुप ‘फ्राम’ जहाजातून उत्तरेकडे निघाला, तेव्हा मोहिमेचा खर्च ॲक्सल हायबर्ग आणि रिंगनेस बंधू यांनी उचलला होता. चार वर्षांनी, १९०२ मध्ये, नव्या प्रदेशाचे नकाशे घेऊन तो परतला. मोहिमेत दोन सहकारी दगावले होते. सर्वांत मोठ्या नव्या बेटाला त्याने हायबर्गचे नाव दिले आणि शेजारच्या दोन बेटांना एलेफ व अमुंड या रिंगनेस बंधूंची. दात्याचे नाव शिळेवर कोरण्याची रीत आपल्यालाही परिचित आहे. मात्र रिंगनेस बंधूंचा व्यवसाय बिअर गाळण्याचा होता, हे वाचताना जैन वाचक क्षणभर थबकेल!

पुढे या बेटांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. १९३० मध्ये नॉर्वेने या बेटांवरील ब्रिटिश राजसत्तेचे स्वामित्व मान्य केले. कॅनडाने स्वेर्द्रुपला त्याचे नकाशे, रोजनिशा व कागदपत्रे यांच्यापोटी ६७,००० डॉलर दिले. जमाखर्चाच्या दृष्टीने व्यवहार चोख झाला; परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्वेर्द्रुपचे निधन झाले. ज्या रकमेसाठी त्याने उतारवयात वाट पाहिली, ती उपभोगण्यास त्याला अवधी उरला नाही.

बेटाच्या पूर्व भागात १९८५ मध्ये एक प्राचीन अरण्य उजेडात आले. सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे तेथे उभे आहेत. त्यांचा दगड झालेला नाही. ते लाकूडच आहे, पेटवले तर जळेल असे.

इनुइट लोकांच्या भाषेत या बेटाचे नाव ‘उमिंगमाट नुनाट’, म्हणजे कस्तुरी-बैलांची भूमी. अंगावरून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या केसांचे ते प्राणी आजही तेथे कळपाने चरतात.